उजवं मडगार्ड

नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का
शनिवार, ९ सप्टेंबर २०२३

कोरिन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकशील, असं मला वाटतंय. तरी लिहितेय. फेब्रुवारीपासून माझा फोन तुझ्याकडे लागत नाही. तू नंबर ब्लॉक केलास हे कळायला मला दोन आठवडे लागले, तोवर मी तुमच्याकडच्या बर्फाच्या वादळांना दोष देत होते. पत्राला तसं काही करता येत नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये. आधीच सांगते, म्हणजे ओळीओळीत शोधत बसू नकोस.

कळवायचं एवढंच, की डॅडच्या ट्रकचा रंग मी बदलतेय. रंग म्हणजे रंग नव्हे, वरून व्हिनाइलचं आवरण चढवायचं, फोनच्या काचेवर फिल्म लावतात तसं, फक्त अख्ख्या पिकअपला. स्वतःच करणार आहे, घरच्या गॅरेजमध्ये. तू हसशील. ज्या बाईला वहीला कव्हर घालता येत नाही ती ट्रकला घालणार! पण मी दोन महिने व्हिडिओ बघितलेत, वहीत लिहून घेतलंय, फिल्मचा रोल येऊन पडलाय. कबुतरी रंग घेतलाय, चकचकीत. नवशिक्याने मॅटच्या वाटेला जाऊ नये म्हणतात.

कारण विचारशील तर कारण हा हिरवा रंग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो गडद हिरवा पत्रा दिसला, की दर वेळी माझ्या मनात येतं, डॅड आले. हातातलं भांडं खाली ठेवून मी दाराकडे दोन पावलं जातेसुद्धा. त्यांना जाऊन सात महिने झाले, अजून जाते. विकवत नाही, आणि असं दाराकडे जाणंही आता सोसवत नाही.

आज ट्रक धुतला. आधी साबण, मग स्पिरिटने कानाकोपरा पुसून काढायचा. बोटाचा तेलकट डाग राहिला तरी फिल्म तिथून सुटते. दारांची हँडलं, मागचे दिवे, नावाच्या पट्ट्या, सगळं उतरवलं. आणि हे करताना एक गोष्ट लक्षात आली. ट्रक आतून स्वच्छ आहे. सीटखाली सूर्यफुलाच्या बियांचं एक टरफल नाही. डॅडनी सतरा वर्षांत तो ट्रक आतून कधी झाडला नाही, हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे. पायाखालची रबरी चटई तर नवी कोरी आहे. हे कुणी केलं? आणि कशासाठी? तुझ्याकडून ट्रक नेला तेव्हा रडण्याच्या नादात मी हे पाहिलंच नव्हतं.

उत्तर द्यायची सक्ती नाही. फक्त मी विचारलं होतं, हे लक्षात ठेव.

तुझ्या लेकीचा, हेझलचा, हात आता थंडीत दुखत नाही ना? दोन वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनवरून पडली होती तेव्हा मी तिला प्लास्टरवर चिकटवायला घोड्यांचे स्टिकर पाठवले होते. ते तिने लावले का, हे तू कधी कळवलं नाहीस.

रेने


रविवार, १७ सप्टेंबर

कोरिन,

मागचा फाळका झाला. डावं दारही झालं, म्हणजे झालं असं म्हणायचं. सपाट भागापासून सुरुवात करावी म्हणतात, म्हणून फाळका आधी घेतला. फिल्मच्या मागचा कागद मी एकदम सगळा सोडवला, आणि ती वीतभर नव्हे, पुरुषभर फिल्म स्वतःलाच चिकटून तिचा बोळा झाला. तो बोळा पाहून मी गॅरेजच्या फरशीवर बसून राहिले. मग उठून दुसरा तुकडा कापला. कागद थोडा थोडा सोडवायचा, ते व्हिडिओत सांगितलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं.

शेजारचे लायल रोज डोकावतात. चाळीस वर्षं त्यांनी या गावातल्या दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या. आता हात कापतो, म्हणून दुसऱ्यांच्या हातांवर लक्ष ठेवतात.

"स्टिकर चिकटवायला पांढरे हातमोजे? मला वाटलं कुणाचं ऑपरेशन चाललंय."

"लायल, आत येताना दार लावून घ्या. धूळ येते."

"धूळ या गावात माझ्याही आधी राहायला आली, बाई. तिला कोण दार लावणार?" मग ते दाराजवळ वाकले, चष्मा कपाळावर नेला. "अरेरे. याला तर कांजिण्या आल्यात. खाजवू नकोस हं, डाग राहतील."

बुडबुडे होते, खरंच. सुई टोचून, पट्टीने दाबून बरेच काढले. लायलना कॉफी दिली. ते जायचं नाव घेईनात.

आता मुद्द्याचं. फिल्म जागेवर धरून ठेवायला छोटी चुंबकं मिळतात. चार कोपऱ्यांना चार लावली की एकटीलाही काम करता येतं. आज उजव्या मडगार्डवर माप घेताना मागचं चुंबक बसलं, पुढचं खाली पडलं. उचलून लावलं, परत पडलं. बदलून बघितलं, तेही पडलं. त्याच जागी. हेडलाइटच्या मागे, माझ्या दोन हातांच्या पंजांएवढी जागा आहे, जिथे लोखंडाला चुंबक चिकटत नाही. डाव्या मडगार्डवर तीच चारही चुंबकं पटापट चिकटली.

तुला काही सुचतं का यावर?

आणखी एक. काचेच्या कोपऱ्यात ऑइल बदलल्याची चिठ्ठी आहे, तुमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्या एमिलच्या अक्षरात. तारीख १६ एप्रिल २०२१, शेजारी मीटरचा आकडा. तू डॅडच्या किल्ल्या काढून घेतल्यास १८ एप्रिलला. तारीख मी विसरणं शक्य नाही, त्या रात्री त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, "रेने, बाराव्या वर्षापासून गाडी चालवतोय मी, आणि माझ्याच पोरीने मला कोंडलं." तुझं म्हणणं होतं, ते शेजारच्या गावाहून परतताना रस्ता विसरले. माणूस एकदा रस्ता विसरतो. मीही विसरते.

तर, दफनानंतर मी ट्रक तुझ्या अंगणातून काढला तेव्हा मीटरचा फोटो घेतला होता. त्या चिठ्ठीपासून तोवर ट्रक दोनशे बारा मैल चाललाय. किल्ल्या तुझ्याकडे होत्या. डॅडकडे नव्हत्या, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत.

मग कुणी चालवला?

रेने


रविवार, २४ सप्टेंबर

कोरिन,

आता मला माहीत आहे, तेव्हा नाटक नको.

काल उजव्या मडगार्डवर फिल्म चढवली. चाकाच्या कमानीवरून वळवताना एका बाजूला बोटभर सरकली. अशा वेळी घाबरायचं नाही, हीट गनने हलकी ऊब द्यायची आणि हळूहळू उचलून पुन्हा बसवायची. दारावर मी हे तीनदा केलं होतं, काही झालं नाही. इथे उचलली, आणि फिल्मबरोबर रंगही उचलला गेला. सालीसारखा. हिरवी साल माझ्या हातात, आणि खाली करडा थर. त्याच्या खाली आणखी खरवडलं, तर गुलाबीसर पुट्टी.

मी लायलना हाक मारली. या वेळी त्यांनी विनोद केला नाही. सालीचा तुकडा उजेडात धरून उलटसुलट बघितला, नखाने टोकरला.

"हा कंपनीचा रंग नाही," म्हणाले. "कंपनीचा रंग असा सुटत नाही, तुझ्या स्टिकरची काय बिशाद. पत्रा ठोकला गेलाय, पुट्टी भरलीय, आणि न घासता, घाईघाईत वरून फवारा मारलाय. थंडीत मारलाय, बघ, धरलाच नाही. हे रंगाऱ्याचं काम नव्हे. झाकायचं काम आहे."

"झाकायचं?"

"ज्याला दुरुस्त करायचं असतं तो मडगार्ड बदलतो. ज्याला लपवायचं असतं तो पुट्टी भरतो."

हे त्यांचे शब्द, माझे नाहीत. पण मला ते पटले.

तर मी आता सरळ लिहिते. डॅडच्या किल्ल्या तू त्यांच्या काळजीपोटी काढल्यास, असं तू सगळ्यांना सांगितलंस. चर्चमध्येही सांगितलंस. पण ट्रक तूच वापरत होतीस. तूच तो कुठेतरी ठोकलास. मग एमिलला गाठून झाकून घेतलंस, आतून झाडून पुसून नवी चटई टाकलीस, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला खिडकीतून स्वतःचा ट्रक बघत बसायला लावलंस. दफनानंतरच्या जेवणात मी तुला चोर म्हणाले, सगळ्या बायकांसमोर, हातात कोलाचच्या गोड पावांची ताटली धरून. घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली होती, हे आज कबूल करते. कालपासून वाटत नाही.

लायल जाता जाता आणखी एक बोलले. म्हणाले, "उजवी बाजू ठोकणारा माणूस बहुतेक वेळा रेडिओशी खेळत असतो. मी पैजेवर सांगतो."

त्यांना मी आज कॉफी दिली नाही.

रेने


शुक्रवार, २९ सप्टेंबर

कोरिन,

तुझं कार्ड मिळालं. सात महिन्यांनी आलेलं तुझं पहिलं अक्षर, आणि त्यात काय? "ते मडगार्ड झाकून टाक आणि पुढे जा. – को."

झाकून टाक! हे कोण लिहितं, सांग? निर्दोष माणूस चिडतो. लांबलचक पत्र लिहितो. मी रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या नोकरीवरून आले की टपालपेटी उघडून बघायचे, तू मला फाडून खाशील अशी वाट बघायचे. शिव्या दिल्या असत्यास तर मी कदाचित तुझ्यावर विश्वास ठेवला असता.

म्हणून मी एमिलला फोन केला. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे ट्रकचा रंग मारायला कोण नेतं, हेही विचारायचं होतं. पण त्याने मला विचारायची वेळच येऊ दिली नाही.

"तू डेल्मरची थोरली ना? नॉर्थ प्लॅटवाली?"

"हो. एमिल, डॅडच्या ट्रकचं उजवं मडगार्ड–"

"मग तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं? कोरिनने?"

त्याने मागे घरघरणारं इंजिन बंद केलं.

"जो आता नाही, त्याने," एमिल म्हणाला. "आणि पोरी, त्या मडगार्डचं काम मी वाईट केलं, मला माहीत आहे. तू थँक्सगिव्हिंगला यायच्या आत पाहिजे होतं. शेडमध्ये पाणी गोठत होतं तेव्हा. डेल्मर माझ्या डोक्यावर उभा होता, म्हणाला, कसंही कर, रेनेला दिसता कामा नये. बस. यापुढे बहिणीला विचार."

मी यायच्या आत. मला दिसता कामा नये.

तुझं काही लपवायचं असतं, तर ते अख्ख्या गावापासून लपवायला हवं होतं ना, कोरिन? फक्त माझ्यापासून का?

माझ्या फ्रिजवर त्या थँक्सगिव्हिंगचा फोटो आहे. डॅड ट्रकला टेकून उभे, टोपी मागे सारलेली. तू आणि हेझल थोडं लांब. आता तो फोटो मला नीट बघवत नाही. ते उजव्या मडगार्डला टेकलेत. त्या सबंध दुपारी ते तिथेच उभे होते. मी दोनदा म्हटलं होतं, "डॅड, आत या, गारठलायत तुम्ही," आणि ते म्हणाले होते, "मला इथे बरं वाटतंय." मला तेव्हा वाटलं होतं, बिचारे, ट्रकला किती जीव लावतात.

रेने


रविवार, ८ ऑक्टोबर

कोरिन,

आठवडाभर ट्रकला हात लावला नाही. गॅरेज गार पडलंय. गारठ्यात फिल्म कडक होते, वळवली की फाटते. हे कारण खरं आहे, पण ते खरं कारण नाही.

एक गोष्ट मी तुला लिहिली नाही. आजवर चार पत्रं लिहिली आणि दर पत्रात तिच्याभोवतीच फिरत होते. दुसऱ्या पत्रात तर चक्क खोटं लिहिलं.

डॅडकडे किल्ली होती. मी पाठवली होती.

मी घर बदललं तेव्हा डॅडचा ट्रक सामानासाठी नेला होता, आठवतं? त्या वेळची दुसरी किल्ली माझ्याकडेच राहिली होती, काट्या-चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. तू त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्यावर ते मला दर रविवारी फोन करायचे. रडायचे, कोरिन. त्यांना रडताना मी आई गेल्यावरही ऐकलं नव्हतं. म्हणायचे, रविवारचा पोल्का संगीताचा कार्यक्रम मी पंधरा वर्षं ट्रकमध्ये बसून ऐकतोय, घरातल्या रेडिओवर ती मजा नाही, किल्ली नाही तर रेडिओ लागत नाही. एवढंच हवंय, दुसरं काही नको.

मेमध्ये त्यांच्या वाढदिवसाला मी खसखशीचे कोलाच केले. डब्यात तळाला कागद, कागदाखाली किल्ली. तूच तो डबा टपालातून घेऊन त्यांच्या हातात दिला असणार. तुझ्या हातूनच तुला फसवलं, याचा त्या दिवशी मला आनंद झाला होता, हेही लिहून टाकते.

नंतर ते फोनवर खूश असायचे. "एक खाच फिरवतो, रेडिओ लागतो, झालं. इंजिन लावतच नाही." मी विश्वास ठेवला. मी विचारायचेही, "इंजिन नाही ना लावत?" पण कशा आवाजात विचारायचे ते मला आठवतंय. आपल्याला हवं तेच उत्तर येणार, अशा आवाजात.

मग त्या वर्षीच्या शरदात त्यांनी ट्रकचं नाव काढणं बंद केलं. रेडिओचंही. मला वाटलं, तू धमकावलंस.

तुझ्याकडे दर वेळी संशयाने बघत होते ते या कारणाने असेल. मडगार्ड तू ठोकलं असलंस, तर मी ठोकलं नव्हतं.

त्यांनी ट्रक बाहेर काढला का, कोरिन? एवढंच सांग. कुणाला लागलं का?

रेने


शनिवार, २१ ऑक्टोबर

कोरिन,

पार्सल मंगळवारी आलं. डबा मी लगेच ओळखला, झाकणावरच्या निळ्या फुलाचा टवका माझ्याच हातून उडाला होता. त्यात किल्ली होती. आणि किल्लीखाली माझी चिठ्ठी, जी पाठवल्याचं मी आठ तारखेच्या पत्रातसुद्धा लिहिलं नव्हतं. "फक्त रेडिओसाठी. कोरिनला सांगू नका."

दोन वर्षं ती चिठ्ठी तुझ्याकडे होती. दफनाच्या दिवशीही होती.

तुझं पत्र मला पाठ झालंय, तरी इथे उतरवते. मी ते कसं वाचलं हे तुला कळावं म्हणून, आणि पुढे कधी मला सोयीचं तेवढंच आठवू नये म्हणूनही.

"रेने, सप्टेंबरातला सोमवार होता. हेझल बससाठी मेलबॉक्सपाशी उभी होती. मी आत तिचा डबा भरत होते. डॅड ट्रक घेऊन आले. खिडकीतून तिला हाका मारत होते, 'रेने, बस गेली तुझी, चल, मी सोडतो.' तिला घ्यायला ते रस्त्याच्या कडेला आले आणि थांबलेच नाहीत. मेलबॉक्सचा खांब गेला. हेझलने चरात उडी मारली म्हणून आज ती आहे. हात मोडला. ट्रॅम्पोलिनचं मी सगळ्यांना सांगितलं. काच फुटून आत पडली होती, म्हणून झाडलं आणि चटई बदलली. दोनशे बारा मैलांचं मलाही तेव्हाच कळलं. मी कामाला गेले की ते जायचे. कुठे, ते त्यांनाही सांगता येईना. डबा त्यांच्या कपाटात सापडला. दोन दिवसांनी भानावर होते तेव्हा म्हणाले, 'रेनेला सांगू नकोस. तिने प्रेमाने दिली होती. तिला हे पेलणार नाही.' मी शब्द दिला. तू मला चोर म्हणालीस तेव्हा हेझल माझ्या शेजारी उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तिनेही शब्द दिला होता. आता तू स्वतःच विचारलंस म्हणून सांगितलं. नाहीतर सांगितलं नसतं. – को."

तिला नऊ वर्षं पुरी झाली होती का गं तेव्हा? आणि मी तिला घोड्यांचे स्टिकर पाठवले.

मी इथे काहीही लिहिलं तरी ते कमीच पडणार, म्हणून थोडंच लिहिते. तू खरं बोलत होतीस, एप्रिलमध्येही. मी खोटं बोलत होते, मेपासून. तुला चोर म्हणाले तेव्हा त्या खोलीत एकच बाई होती जिने चोरून काही केलं होतं. मला माफ कर, असं लिहायला मी तीनदा कागद घेतला. आता लिहिलं.

या पाकिटात दुसरं बंद पाकीट आहे, हेझलसाठी. ते तू आधी उघडून वाच. तिला द्यायचं की नाही, कधी द्यायचं, ते तू ठरव. तुझ्यामागून तिच्यापर्यंत मी काही पोचवणार नाही. यापुढे कधीच नाही.

ट्रकचं म्हणशील तर डावी बाजू, फाळका, उजवं दार झालंय. लायल म्हणतात कांजिण्या बऱ्या होत आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी म्हटलं ना, झाकायचं काम." मग थोड्या वेळाने, "पण झाकणाऱ्याने तुझ्यासाठी झाकलं, बाई. तेही बघ." आणि माझ्या हातातली हीट गन काढून घेऊन बंद केली, मी ती चालूच ठेवून उभी होते.

बॉनेट राहिलंय. ते एकटीने होत नाही. एकीने समोर फिल्म ताणून धरायची आणि दुसरीने मधून कडेकडे दाबत जायचं, नाहीतर सुरकुत्या पडतात. लायलचे हात कापतात. हे मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाहीये. बोलावण्याचा हक्क मला उरलेला नाही. फक्त बॉनेट हिरवं आहे, आणि घाई नाही, एवढं कळवते.

उजव्या मडगार्डवर मी फिल्म लावणार नाही. तू झाकून टाक म्हणालीस, डॅडनीही झाकलं, पण मी उरलेला रंग काढून टाकला. हाताने ओढला की येत होता. वरून गंजू नये म्हणून फक्त पारदर्शक रंगाचा हात दिला. आता पुट्टी दिसते, वेडीवाकडी, गुलाबी, मध्ये एमिलच्या बोटांचे वळसुद्धा दिसतात.

काल पेट्रोल भरताना पलीकडच्या पंपावरचा एक माणूस ट्रकभोवती चक्कर मारून आला. नवं कबुतरी दार, जुनं हिरवं बॉनेट, आणि मधे ते. हसून म्हणाला, "बाकी सगळं झकास करताय, आणि हे असंच? कुणी ठोकलं?"

मी म्हटलं, "आम्ही दोघांनी. वडिलांनी आणि मी."

रेने